सवत्स धेनू आणि शिकणारा हात

वसुबारसेच्या सायंकाळी दीपोत्सवाचा पहिला मान गोठ्याला मिळतो. गाईच्या कपाळी वसमतची हळद लागते, वासराला ओवाळले जाते, आणि व्रतस्थ गृहिणी त्या दिवशी गाईचे दूधतूप वर्ज्य करतात. ही पूजा एकट्या गाईची नव्हे, वासरासह गाईची आहे, हेच या व्रताचे मर्म होय. म्हणूनच सणाच्या पानावर सहसा उल्लेख न होणाऱ्या एका विद्येविषयी आम्ही आज लिहीत आहोत. ती विद्या म्हणजे गाईची गर्भतपासणी.

हिंगोली जिल्ह्यातील लाल कंधारी गाईचा धनी गाय फळली की उलटली हे बहुधा माजावरून ठरवितो. माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे. परंतु मुका माज पुष्कळदा ध्यानी येत नाही. गाभण समजून चार-पाच महिने सांभाळलेली गाय रिकामी निघाली, तर वासरू व दूध तितकेच लांबते आणि कडबा-पेंडीचा खर्च मात्र चुकत नाही. उलटपक्षी, गाभण गाईला रिकामी समजून पुन्हा कृत्रिम रेतन केले, तर गर्भपाताचा धोका संभवतो. भाकड ठरवून ती बाजारात नेली, तर पोटातील वासरासह हातची जाते.

हा निवाडा जो हात देतो, तो सहजी तयार होत नाही. शेजारच्या परभणीत १९७२ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयातील विद्यार्थी नखे कापून, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून आणि हात बुळबुळीत करून खोड्यातील गाईमागे प्रथम उभा राहतो, तेव्हा पुस्तकातील आकृती त्याच्या कामी येत नाही. शेण काढून हात गुदाशयात सरकवावा, तोच आतड्याची कळ हाताला आवळून धरते. त्या वेळी बळ न वापरता थांबावयाचे असते. कळ ओसरल्यावर खाली गर्भाशयाचे कठीण मुख लागते, आणि त्यावरून पुढे दोन शिंगांचा माग घ्यावयाचा. दोन महिन्यांच्या सुमारास गर्भ असलेले शिंग दुसऱ्याहून मोठे व पाण्याने भरलेले जाणवते. पुढे गर्भाशय पोटात उतरते आणि त्याच्या रक्तवाहिनीची थरथर बोटांना कळू लागते. आरंभी पुष्कळांना यांतील काहीच कळत नाही. 'कळले नाही' असे गुरुजींना प्रामाणिकपणे सांगणे हाच या विद्येचा पहिला धडा होय. कारण अंदाजाने दिलेल्या उत्तराची किंमत गाय आणि तिचा धनी मोजतात.

ज्या गाईची पूजा करावयाची, तिच्यावर शिकाऊ हात का चालू द्यावा, असा आक्षेप कोणी घेईल. तो अनाठायी नाही. एकाच गाईवर लागोपाठ अनेक हात चालले, तर तिला इजा होते. कोवळा गर्भ दांडगाईने हाताळणेही धोक्याचे असते. म्हणून धन्याची संमती, जाणत्या शिक्षकाची उपस्थिती, एका गाईमागे मोजके हात आणि प्रत्येक निदानाची शिक्षकाकडून फेरतपासणी, हे नियम कसोशीने पाळले गेलेच पाहिजेत. परंतु दार सर्वस्वी बंद केले, तर उद्याचा डॉक्टर पहिला सराव शेतकऱ्याच्या एकुलत्या एका गाईवर, एकटाच करील. सोनोग्राफीने महिन्याभरात गर्भ कळू शकतो हे खरे. तथापि आडगावच्या गोठ्यात आजही हातच सर्वांत स्वस्त व तत्पर साधन आहे.

आमची सूचना साधी आहे. वसुबारसेच्या सप्ताहात औंढा, कळमनुरी, सेनगाव या तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या साह्याने गर्भतपासणीची शिबिरे भरवावीत, महाविद्यालयांनी शिक्षकांसह विद्यार्थी पाठवावेत, आणि प्रत्येक गाईचे निदान लेखी नोंदवून धन्याच्या हाती द्यावे. सवत्स धेनूची पूजा वर्षातून एकदा घडते. पुढील वर्षीही ती सवत्स असावी, याची काळजी वर्षभर घ्यावी लागते.