बाई, इथं काहीच नाहीये

साप्ताहिक सदर : फळ्याशेजारून

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या सातवीच्या वर्गासाठी वेबसाइट तयार केली. गुगल साइट्सवर. पैसे पडत नाहीत आणि कोडिंग येत नसलं तरी जमतं. वेळापत्रक, रोजचा गृहपाठ, घटक चाचणीचे प्रश्न, सहलीचे फोटो, सगळं चढवलं. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या मागे-पुढे ऊसतोडीची बिऱ्हाडं कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि वर्गातली पाच-सात पोरं आईबापांबरोबर निघून जातात. वर्ग त्यांच्या मागोमाग कोपीपर्यंत, तिथल्या झोपडीपर्यंत जावा, एवढाच हेतू होता.

शाळा उघडली त्या दिवशी मुलांना साइटचा पत्ता दिला. वर्गातल्या एका मुलाला जन्मापासून दिसत नाही. तो ब्रेल वाचतो, आणि चुलत्याने दिलेल्या जुन्या फोनवर टॉकबॅक लावून बातम्यांपासून क्रिकेटच्या धावांपर्यंत सगळं ऐकतो. टॉकबॅक ही अँड्रॉइड फोनमधलीच सोय आहे. पडद्यावर जे असेल ते ती बोलून दाखवते. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट ऐकू येते. मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात फोन कानाशी धरून बसला, मी शेजारी उभी राहिले. फोन म्हणाला, “प्रतिमा.” बोट सरकलं. “प्रतिमा.” पुन्हा सरकलं. “इथे क्लिक करा, लिंक. इथे क्लिक करा, लिंक. प्रतिमा.” त्याने दोनदा पान खालपर्यंत चाचपून पाहिलं आणि म्हणाला, “बाई, इथं काहीच नाहीये.”

खरंच काही नव्हतं. वेळापत्रक म्हणजे भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो. गृहपाठ म्हणजे एका मुलीच्या नीटनेटक्या वहीचा फोटो. सूचना म्हणजे रंगीत पाटीवर लिहून काढलेलं चित्र. मला गच्च भरलेलं दिसत होतं ते पान त्याच्या कानाला रिकामं होतं.

ती साइट मी मोडली आणि दोन आठवडे खपून पुन्हा बांधली. ते करताना जे कळलं ते आज सांगायचं आहे. अंध मुलाला वापरता येईल अशी वेबसाइट करणं हे संगणकवाल्यांचं काम, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात बसल्यावर कळलं की त्यातलं बहुतेक काम भाषा शिकवणाऱ्याचं आहे. आपण वर्गात बोलतो ते डोळ्यांच्या भरवशावर बोलतो. “हे याने भागा”, “इथून इथपर्यंत रेघ मारा”, “असं वळवा”. हात फळ्यावर फिरत असतो म्हणून वाक्यं अर्धी राहिली तरी चालतात. हाच ‘हे’, ‘इथे’, ‘असं’ माझ्या साइटवर उतरला होता आणि तिथे हात नव्हता.

सुरुवात प्रश्नांपासून केली. आधीच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका डीटीपी करून आलेल्या, जुन्या फॉन्टमधल्या. त्यातला मजकूर उचलून साइटवर चिकटवला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच पडला. असं का होतं हे प्रत्येक मराठी शिक्षकाला ठाऊक असायला हवं, कारण आपल्या शाळांचं कितीतरी साहित्य अजून या फॉन्टांत अडकलेलं आहे. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, त्याच्या अंगावर फक्त देवनागरीचं चित्र चढवलेलं असतं. कागदावर छापलं की काम भागतं. पीडीएफ केली तरी डोळ्यांना झकास मराठी दिसतं. पण वाचून दाखवणारं यंत्र चित्र वाचत नाही, खालचं अक्षर वाचतं, आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निव्वळ बडबड पडते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःचे क्रमांक आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, फॉन्ट कोणताही लावा, तो ‘क’च राहतो. मी सगळे प्रश्न युनिकोडमध्ये नव्याने टंकले. टंकताना दोन प्रश्नांतल्या चुकाही सापडल्या.

फोटोतली वहीही टंकून काढली. त्याचा आणखी एक फायदा कारखान्यावरून कळला. वहीचा एक फोटो दोन-तीन एमबीचा, तर तोच मजकूर टंकला की काही केबी. उसाच्या फडात जिथे नेटवर्कची एखादीच दांडी असते, तिथे फोटो गोल-गोल फिरत राहायचा. आता गृहपाठ लगेच उघडतो. एका मुलीच्या आईला अक्षरओळख नाही. ती फोनला पान वाचायला लावते आणि स्वतः ऐकून लेकीला “बस अभ्यासाला” म्हणते. ही वाट आधी त्या एका मुलासाठी मोकळी केली होती.

मग चित्रं. दिसत नसलेल्यासाठी चित्रामागे शब्द लिहून ठेवता येतात, त्याला पर्यायी मजकूर म्हणतात. तो पडद्यावर दिसत नाही, टॉकबॅक मात्र वाचतो. पहिल्या झटक्यात मी सहलीच्या फोटोमागे ‘वेरूळ’ एवढंच लिहिलं. नंतर लक्षात आलं, हे तर चित्रवर्णन! प्राथमिकच्या मुलांकडून आपण वर्षानुवर्षं करून घेतो तेच. फक्त इथे एक प्रश्न आधी विचारावा लागतो : हे चित्र या पानावर कशासाठी आहे? कैलास लेण्याचा फोटो सहलीच्या पानावर असेल तर ‘लेण्यासमोर सातवीचा वर्ग, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या’ हे पुरेसं. तोच फोटो इतिहासाच्या धड्यात असेल तर मुलं बाजूला राहतात आणि लिहावं लागतं : ‘एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं मंदिर, तीन बाजूंना उभी कातळभिंत, अंगणात दगडी हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ.’ हे ऐकून मुलाने विचारलं, “हत्ती केवढा?” माझ्या वर्णनात आकार नव्हता. डोळस माणूस आकार पाहून मोकळा होतो, त्याला तो सांगावासा वाटत नाही. मी ‘खऱ्या हत्तीएवढा’ हे शब्द घातले. नुसत्या सजावटीची फुलं आणि फुगे काढून टाकले. त्यांची कुणी आठवणही काढली नाही.

शीर्षकांचं काम सोपं, पण बारकाईचं. मी अक्षरं ठळक आणि मोठी करून शीर्षकं ‘दाखवली’ होती. डोळ्यांना ती शीर्षकं वाटत होती. यंत्राला ती नुसती ठळक ओळ. साइट्समध्ये मजकुराला शीर्षकाची शैली द्यायची सोय असते, ती वापरली की ऐकणारा एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. शाळेच्या संगणकावर मी एनव्हीडीए हे मोफत वाचक सॉफ्टवेअर घातलं. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ते २००६ मध्ये लिहायला घेतलं, पुढे त्याचा अंध मित्र जेम्स टेह येऊन मिळाला. त्यात कळफलकावरचं एच दाबलं की पुढचं शीर्षक येतं. वेळापत्रकाचा तक्ता मी मोडला. प्रत्येक वाराचं शीर्षक, खाली त्या दिवसाच्या तासिका. ‘इथे क्लिक करा’ सगळीकडून काढलं आणि दुव्यालाच ‘विज्ञान, घटक चाचणी एकचे प्रश्न’ असं नाव दिलं.

रंगांबद्दल थोडक्यात. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं मला प्रसन्न वाटली होती. वेबच्या सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडातला फरक निदान ४.५ : १ ठेवायला सांगितलं आहे. आता काळी अक्षरं, पांढरा कागद. कमी दिसणाऱ्या एका मुलीला वाचता येतं आणि भर उन्हात बांधावर उभ्या असलेल्या बापालाही.

एक गोष्ट फोनमध्येच बदलावी लागली. त्या अंध मुलाचा फोन हिंदी आवाजात मराठी वाचत होता. चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ त्या आवाजाला एकच. मराठी आवाज निवडून दिल्यावर तो मुलगा हसला. त्याच्या भाषेत त्याच्याशी फोन पहिल्यांदा नीट बोलला होता.

शिक्षकांच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, “एका पोरासाठी एवढं?” त्यांच्यावरचा कामाचा बोजा मला माहीत आहे, ऑनलाइन माहित्या भरता भरता शिकवायला वेळ उरत नाही हे रोज पाहते. तरीही उत्तर ‘हो’ असंच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत, आणि सरकारी अनुदानाच्या वा मान्यतेच्या शाळांनी सर्वांना सामावून घेणारं शिक्षण द्यावं असं तो सांगतो. बँकेची केवायसी करताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, ही अट अंध आणि ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या माणसांनी कशी पाळायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात मोडतो, असं म्हटलं. बँकेला जे लागू, ते वर्गाला लागू नसेल कसं?

म्हणून माझं मागणं शिक्षकांकडे कमी आणि वर बसलेल्यांकडे जास्त आहे. आमच्या हाती पडणारी परिपत्रकं सही-शिक्क्यासकट तिरकी स्कॅन करून येतात. ती टंकलेल्या मजकुरासह पाठवा. प्रश्नपेढ्या युनिकोडमध्ये द्या. प्रशिक्षणात डिजिटल फळ्याची बटणं शिकवता, त्यातला एक तास शीर्षकं आणि पर्यायी मजकूर शिकवायला द्या. त्या तासाला अंध शिक्षकाला बोलवा आणि आमचं साहित्य त्यांच्या फोनवर आमच्यासमोर वाजवा. मला जे व्हरांड्यात कळलं ते कुठल्याही व्याख्यानातून कळलं नसतं.

गेल्या गुरुवारी प्रार्थना संपल्याबरोबर तो मुलगा माझ्याकडे आला. “बाई, बुधवारचा गृहपाठ तुम्ही मंगळवारच्या शीर्षकाखाली घातलाय.” बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, डोळ्यांनी वाचणारे सलग खाली वाचत गेले होते. तो बुधवारवर उडी मारून गेला आणि तिथे त्याला गणिताची दोन उदाहरणं सापडली नाहीत. मधल्या सुट्टीत मी ती बुधवारखाली नेली. त्याने फोन कानाशी धरला, बोट एकदा सरकवलं आणि वही काढली.