कपाटातला मीटर आणि खिशातला टेस्टर

प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल पुरे करणे, हा समज आपल्या महाविद्यालयांत फार दृढ झाला आहे. मीटर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली प्रयोगशाळा-सहायकांपाशी. कपाट उघडले तरी पाच-सहा जणांच्या गटात मीटर एकाच्याच हाती लागतो. बाकीचे त्याने सांगितलेले आकडे उतरवून घेतात. यात मी कोणाला दोष देत नाही. उपकरणे मोडतात आणि त्यांचा हिशेब कोणाला तरी द्यावाच लागतो. पण माझे स्पष्ट मत असे, की इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी आपला टेस्टर आपल्या हाताने बनवावा आणि तोवर त्याच्या हाती मीटर देऊच नये.

उदाहरण अगदी साधे घेऊ. सर्किट बोर्डावरचे एखादे बटण दाबले तरी यंत्र दाद देत नाही. दोष बटणात की बोर्डात? पुष्कळदा याचा शोध न घेता सबंध बोर्डच बदलला जातो. बटण चार-दोन रुपयांचे, बोर्ड हजारांच्या घरात. मधला फरक ग्राहकाच्या खिशातून जातो.

हा शोध घ्यायला लागते काय? दीड व्होल्टचे दोन सेल, एक लाल एलईडी, २२० ओहमचा एक रेझिस्टर, हातभर वायर आणि शिवणाच्या दोन सुया. सारे एकामागे एक जोडावे, एलईडीचा लांब पाय धन बाजूकडे ठेवावा. रिकाम्या बॉलपेनच्या नळ्यांत सुया बसवल्या की प्रोब तयार! सुया एकमेकींना टेकवल्या की दिवा लागतो. तीन व्होल्टपैकी सुमारे १.८ व्होल्ट एलईडी घेतो, उरलेले १.२ रेझिस्टरवर पडतात. म्हणजे प्रवाह साडेपाच मिलिअँपिअरच्या आत.

तपासणीपूर्वी यंत्राचा प्लग काढावा व मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करावी. भिंतीवरच्या चालू स्विचला हा टेस्टर कधीही लावू नये. बोर्डावरच्या नेहमीच्या चौकोनी दाबबटणाला चार पाय असतात, पण त्यांतले दोन-दोन आतून कायमचे जोडलेले असतात. हे ठाऊक नसेल तर माणूस नेमक्या जोडीतल्याच पायांना सुया टेकवतो, बटण न दाबताच दिवा लागतो आणि चांगले बटण ‘शॉर्ट’ ठरते. कर्णावरचे दोन पाय धरले की हा घोटाळा टळतो. कधी बटण न दाबताही दिवा मंद लागतो. बोर्डावरून प्रवाहाला दुसरी वाट सापडलेली असते. अशा वेळी सुया एकमेकींना टेकवून पुरा उजेड किती ते पाहावे व तुलना करावी. तरीही शंका उरली तर बटण बोर्डावरून काढूनच तपासावे.

कोणी म्हणेल, “मल्टिमीटर हल्ली चारदोनशे रुपयांत मिळतो, त्यात ‘बीप’ आहे; मग हा खटाटोप कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण बीप म्हणजे काय? मीटर बनवणाऱ्याने रोधाची एक मर्यादा ठरवलेली असते. रोध तिच्याखाली गेला की आवाज होतो. बऱ्याच मीटरांत ती काही दशक ओहमांची असते. रिमोटच्या रबरी बटणाखाली कार्बनची टिकली असते. तिचा रोध शंभर ओहम असला तरी बटण उत्तम चालते. तिथे असा मीटर गप्प बसतो, आपला एलईडी मात्र लागतो. उलट जुन्या टॉगल स्विचचे संपर्क काळवंडून दहा ओहमांचा रोध आला, तर मीटर खुशाल बीप करतो आणि २२० ओहमांत दहाची भर आपल्या एलईडीलाही कळत नाही. अशा वेळी स्विच सुटा करून एलईडी व रेझिस्टरच्या जागी टॉर्चचा २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब लावावा. पेटलेल्या बल्बचा रोधच आठ-एक ओहम, त्यामुळे दहाची भर पडताच त्याचे तेज उतरते. मात्र छोट्या दाबबटणाला हा बल्ब लावू नये; ते बहुधा ५० मिलिअँपिअरपुरतेच बनवलेले असते.

मीटर, एलईडी, बल्ब, तिघेही आपापल्या परीने खरेच बोलतात. मात्र प्रत्येकाला आपण वेगळा प्रश्न विचारलेला असतो. विकतच्या मीटरात हा प्रश्न झाकलेला राहतो. स्वतः टेस्टर बनवणाऱ्याला तो आधी स्वतःला विचारावा लागतो, आणि खरे शिक्षण तिथे घडते.

जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्युतचुंबकीय लहरींवर संशोधन केले, तेव्हा रेल्वेच्या ब्रॅडशॉ वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घालून त्यांनी लहरींचे ध्रुवण केले होते. लहरींना काय विचारायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते, म्हणून वेळापत्रकही उपकरण होऊ शकले.

म्हणून माझी सूचना. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यापुढे चार स्विच ठेवावेत: एक चांगला, एक तुटलेला, एक काळवंडलेला, एक रबरी. त्याने ते स्वतःच्या टेस्टरने तपासावेत आणि आपल्या टेस्टरला काय दिसत नाही, तेही लिहावे. उदाहरणार्थ, बटण दाबताना संपर्क काही मिलिसेकंद उड्या मारतात. आपल्या डोळ्याला तेवढ्यात दिवा स्थिरच दिसतो. हे ज्याने लिहिले त्याला जर्नलातल्या नीटनेटक्या आकृत्यांपेक्षा जास्त गुण मिळावेत. खर्च एका वहीइतकाही येणार नाही. प्राध्यापकांनी विचार करावा, आणि कन्नड विभागातल्या मित्रांनीही ही सूचना उचलून धरावी. मासिकाची पाने वेगळी असली तरी प्रयोगशाळेतले टेबल आपले एकच आहे.