जन्मजात श्वासमार्गदोष : कफघ्न औषधापूर्वीचे प्रश्न

बालकाची छाती घरघरते म्हणून माता चिकित्सालयात येते, आपण कफघ्न औषध देतो आणि बहुतेक वेळा गुणही येतो. या 'बहुतेक' शब्दात न बसणाऱ्या थोड्या बालकांविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी चौदा महिन्यांचे एक बालक आमच्याकडे आले. 'बालदमा' हे निदान आधीच झालेले होते. आम्हीही ते पडताळून न पाहता स्वीकारले. बालचतुर्भद्र चूर्ण, सितोपलादि, वासा असा क्रम तीन महिने चालला. ताप उतरे, नाक मोकळे होई. श्वासाचा खरखरीत आवाज मात्र गाढ झोपेतही तसाच राही. हा आवाज अगदी तान्हेपणापासूनचा आहे आणि घट्ट घास घेताना मूल अडखळते, असे आजीने पहिल्याच दिवशी सांगितले होते. आम्ही त्याची नोंद केली नाही. अखेर बालरोगतज्ज्ञांकडे पाठविल्यावर सीटी अँजिओग्राफी झाली. महाधमनीची कमान दुहेरी असून तिने श्वासनलिका व अन्ननलिका या दोहोंना वेढले आहे, असे तीत दिसले. शस्त्रक्रिया झाली आणि मूल सुधारले. परंतु त्या तीन महिन्यांच्या विलंबाचे उत्तरदायित्व आमचेच आहे.

सुश्रुताचार्यांनी व्याधींचे सात प्रकार सांगताना आदिबलप्रवृत्त व जन्मबलप्रवृत्त व्याधी स्वतंत्रपणे मांडले आहेत. जेथे अवयवाची घडणच सदोष आहे, तेथे कफघ्न द्रव्ये कितीही उत्तम असली तरी मार्ग रुंद होणार नाही. हे शास्त्र आपणांस अवगत आहे. धावपळीच्या व्यवसायात त्याचे स्मरण राहत नाही, एवढेच.

सीटी स्कॅनने रुग्णाचे पहिले चित्रण 1971 मध्ये लंडन येथे झाले. आजच्या बहुस्लाइस यंत्रांवर बालकाच्या छातीचे चित्रण काही सेकंदांत होते व त्यावरून श्वासमार्गाची त्रिमितीय प्रतिमा तयार करता येते. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यास रक्तवाहिन्या व श्वासनलिका यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. डावी फुप्फुसधमनी उजवीतून निघून श्वासनलिकेमागून जाणे, श्वासनलिकेच्या कूर्चांची कडी पूर्ण वर्तुळाकार असल्याने ती अरुंद राहणे, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाची शाखा थेट श्वासनलिकेतूनच फुटणे, असे दोष त्यात उत्तम दिसतात.

तथापि घरघरणाऱ्या प्रत्येक बालकास सीटी, हेही आम्हांस मान्य नाही. तान्ह्या बाळांतील जन्मजात स्ट्रायडॉरचे सर्वांत सामान्य कारण लॅरिंगोमलेशिया, म्हणजे स्वरयंत्राच्या ऊतींचा शिथिलपणा, हे आहे. त्याचे निदान दुर्बिणीने होते आणि बहुतेक बालकांत तो दीड-दोन वर्षांत आपोआप निवळतो. श्वासनलिकाच शिथिल असेल, तर केवळ श्वास आत घेतलेल्या स्थितीत काढलेल्या चित्रात ती सर्वसाधारण भासू शकते. शिवाय किरणोत्साराचा प्रश्न आहेच. बालपणी झालेल्या सीटी तपासण्यांनंतर रक्तकर्करोग व मेंदूतील गाठींचा धोका वाढतो, असे 2012 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात आढळले. एका रुग्णापुरता हा धोका अल्प असला, तरी तो विनाकारण पत्करू नये. म्हणून साधा क्ष-किरण, दुर्बीण, हृदयाची सोनोग्राफी व सीटी यांतील काय आणि कोणत्या क्रमाने करावे, हा निर्णय तज्ज्ञांचा असावा. आपले कर्तव्य त्यांच्याकडे वेळेवर पाठविण्याचे आहे.

ती वेळ ओळखण्यास प्रश्नपरीक्षा व श्रवण पुरेसे आहे. आवाज जन्मापासून किंवा पहिल्या काही आठवड्यांपासून आहे काय? तो श्वास घेताना येतो की सोडताना? दूध पिताना, रडताना, उताणे झोपविल्यावर वाढतो काय? घास अडकतो काय? वजन वाढत नाही काय? एकाच बाजूस वारंवार न्यूमोनिया होतो काय? योग्य औषध देऊनही आवाजात काडीचाही फरक नाही काय? अशी उत्तरे संशय निर्माण करणारी आली, तर औषध बदलत बसण्याऐवजी संदर्भपत्र लिहावे. ओठ निळे पडणे, श्वास मध्येच थांबणे, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावयास सांगावे. वमनादी उपचारांत वेळ दवडू नये.

औषधालयचालक बंधूंनाही आमची विनंती आहे. एकाच तान्ह्या बाळासाठी खोकल्याची बाटली तिसऱ्यांदा मागितली गेली, तर ती देण्याआधी 'आवाज केव्हापासून आहे?' एवढे अवश्य विचारावे.

रुग्ण पुढे पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावते, असे काही सहव्यावसायिकांना वाटते. आम्हांसही एके काळी तसेच वाटत असे. ज्या कुटुंबाचे मूल आम्ही उशिरा पाठविले, ते आजही आमच्याकडेच येते. मात्र त्या आजीसमोर बसताना आम्हांस अजून संकोच वाटतो.