वर्गणीचें इस्पितळ

जोतीराव फुल्यांनीं सन १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. त्या मुक्त झालेल्यांच्या लेकरानातवंडांनीं पुढें काय करून दाखविलें, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस ठाऊक असावें, म्हणून एका लहानशा इस्पितळाची हकीकत आज सांगतों.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यांत माऊंड बायू नांवाचें गांव आहे. एके काळीं गुलाम असलेल्या आयझेया माँटगोमेरी व बेंजामिन ग्रीन यांनीं तें सन १८८७ मध्यें वसविलें. भोंवतालचा मुलूख कापसाचा. राबणारे बहुतेक काळे वाटेकरी; जमीन दुसऱ्याची आणि हिशेबाची वहीही दुसऱ्याचीच. आजारी पडल्यास गोऱ्यांच्या इस्पितळांत प्रवेश नाहीं, आणि मिळालाच तर वेगळ्या कोपऱ्यांत खाट!

या लोकांनीं कोणाच्या दयेची वाट पाहिली नाहीं. टेबर नांवाचें त्यांचें एक परस्परसाह्यक मंडळ होतें. त्यानें पैपैसा जमवून, लाखावर डॉलर खर्चून, सन १९४२ मध्यें ४२ खाटांचें इस्पितळ उभें केलें. शस्त्रक्रियेच्या खोल्या दोन, क्ष-किरणांचें यंत्र, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीं ऊबेच्या पेट्या. आणि डॉक्टर व परिचारिका सारे काळे. टी. आर. एम. हॉवर्ड हे पहिले मुख्य शस्त्रवैद्य. वर्षाची वर्गणी मोठ्या माणसास ८ डॉलर ४० सेंट, मुलास १ डॉलर २० सेंट. तेवढ्यांत ३१ दिवस इस्पितळांत राहण्याची सोय, शस्त्रक्रियेसुद्धां! आणि रोगी शिरे तो पुढच्या दारानें.

मग तें बुडालें कां? यंत्रें व औषधें महागलीं. कर्ते लोक उत्तरेकडील शहरांत गेले. सन १९६५ नंतर म्हाताऱ्यांस व गरिबांस सरकारी मदत मिळूं लागली, इतर इस्पितळांचीं दारेंही उघडलीं. हें सर्व न्यायाचेंच झालें. पण वर्गणीदार आटले. सन १९६७ मध्यें इस्पितळ सरकारी पैशावर चालणाऱ्या नव्या संस्थेंत मिसळलें व मंडळाची सत्ता संपली. सन १९८३ मध्यें तें बंद पडलें.

यावरून सरकारचा पैसा वाईट, असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. सरकारी तिजोरी रयतेच्याच घामानें भरते. त्यांतून दवाखाना मागणें ही भीक नव्हे, हक्क आहे. पण वर्गणी देणारा वाटेकरी कारभाऱ्यास जाब विचारीत असे. फुकट औषध घेणारा मान खालीं घालतो. खरा घात येथें आहे. काडीपेटीवर आपणही कर देतोंच कीं! म्हणजे आपणही वर्गणीदारच.

तेव्हां गांवच्या दवाखान्यास कुलूप दिसलें, तर नशिबास बोल लावूं नका. ग्रामसभेंत उभे राहून विचारा: डॉक्टरची जागा किती महिने रिकामी आहे? औषधाचा पैसा कोठें गेला? उत्तर मिळेपर्यंत खालीं बसूं नका. आणि घरच्या बायांनाही बरोबर न्या, कारण बाळंतपणाच्या वेळीं बंद दवाखान्याची किंमत त्याच मोजतात.