आधी खोड, मग ट्रे

बोन्सायचा नाद लागला की बहुतेकांची घाई एकाच ठिकाणी नडते. काडीला चार पानं फुटली की लगेच चिनी मातीचा उथळ ट्रे आणायचा, काडी त्यात बसवायची आणि तिला तार गुंडाळायची. पाच वर्षांनी पाहावं तर काडी पेन्सिलएवढी ती पेन्सिलएवढीच. मेलेली नाही, पण झाडही झालेली नाही. यंदा डाळिंबाची काडी लावून सुरुवात करणार असाल, तर माझं एक ऐका. पहिली तीन-चार वर्षं ट्रे विकत घेऊच नका.

डाळिंबच का? एक तर ते काडीपासून येतं. आपल्या उन्हाला ते दबत नाही, पान मुळातच लहान असतं आणि वय झालं की खोड आपोआप खडबडीत, पीळदार दिसायला लागतं. जपानी लोकांनी तर पिळाच्या खोडाची डाळिंबं बोन्सायसाठी मुद्दाम जपली आहेत. आपल्याकडे सोलापूर-सांगोल्याकडच्या बागांत छाटणी झाली की फांद्यांचे ढीग पडतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागितलं तर नाही म्हणणार नाही. फक्त बागेत तेल्या रोग आहे का, हे आधी विचारा. असेल तर तिथली काडी फुकटसुद्धा नको.

काडी पेन्सिलच्या जाडीची, वीतभर, पिकलेल्या लाकडाची घ्या. हिरवी लुसलुशीत नको. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली तिरका घ्या आणि वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी फुटण्याआधी, जाड वाळू आणि थोडं चाळलेलं कुजकं खत अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त पुरा आणि कुंडी सावलीत ठेवा. ओल राहू द्या, चिखल नको. इथे एक फसगत होते. पालवी दिसली म्हणजे मुळं धरली असं वाटतं, पण काडी आपल्या पोटातल्या साठ्यावरही पानं काढते. उपटून बघू नका. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की समजा लागली.

आता खरं काम. खोड जाड होतं ते वरच्या पानांच्या जिवावर. पान जितकं जास्त, तितकं अन्न जास्त आणि तितकं खोड भरतं. म्हणून लहान झाड हवं असेल तर आधी ते मोठं होऊ द्यावं लागतं, हे नवख्यांच्या गळी उतरत नाही. शेंडे खुडत बसलात तर झाड आटोपशीर दिसेल, पण खोड काडीचंच राहील. अंगण असेल तर जमिनीत लावा. मुळांच्या खाली एक फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे मुळं खाली न जाता चौफेर पसरतात. अंगण नसेल तर रुंद कुंडी किंवा जुना टब चालेल. डाळिंबाला बुडातून फुटवे येतात. बागायतदार ते काढून टाकतो, तुम्ही मात्र एखादा ठेवा आणि वेडावाकडा वाढू द्या. त्यानं बुंधा भरतो. काम झालं की तो कापायचा.

बुंधा मनासारखा झाला की मुख्य खोड एखाद्या खालच्या फांदीच्या वर बिनधास्त कापा. मग ती फांदी शेंडा होते. ती जाड झाली की पुन्हा तसंच. खोड खाली रुंद आणि वर निमुळतं होतं ते या कापण्यानं. तारेनं फक्त वळण मिळतं. तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, आणि कोवळ्या फांदीवरच. जुनी फांदी कडकन मोडते. पावसाळ्यात फांद्या भराभर फुगतात, तेव्हा दर आठवड्याला तार तपासा. सालीत रुतायला लागली की उलटी सोडवत बसू नका, कटरनं तुकडे करून काढा. रुतलेल्या तारेचा व्रण वर्षानुवर्षं जात नाही.

इतकं झाल्यावर ट्रे घ्या. विटांचा चाळलेला चुरा, जाड वाळू आणि खत घाला. काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. साधारण दोन वर्षांनी, पालवी फुटायच्या तोंडावर, झाड काढून मुळं छाटा.

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं, असं सांगणारे घरोघरी भेटतात. ऐकून सोडून द्या. उथळ ट्रेमधल्या झाडाला खतही वेळेवर लागतं आणि पाणीही. मे महिन्यात तर दिवसातून दोनदा. आणि ऊन पाहिजे म्हणजे पाहिजेच. टीव्हीशेजारी ठेवलेलं डाळिंब टिकत नाही.

फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे उठसूट शेंडे खुडले तर ती दिसणार नाहीत. फळ धरलं तर एखादंच ठेवा. छाटून पानं लहान होतात, फळ होत नाही, आणि एवढ्याशा फांदीला त्याचा भार सोसत नाही.

लावलेल्या सगळ्याच काड्या लागत नाहीत. तेव्हा एकच लावून वाट पाहण्यापेक्षा आठ-दहा लावा आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी बांधा. जास्तीच्या लागल्या तर सोसायटीत वाटून टाका. काड्यांसाठी शेजाऱ्याला किंवा गावाकडच्या पाहुण्याला आताच सांगून ठेवा, कारण छाटलेल्या फांद्या दोन दिवसांत वाळून जातात.