जाळी की नळी?

इंग्लंडच्या शेतकऱ्याला ससा गोंडस वगैरे वाटत नाही. पीक फस्त करणारे ससे धरण्याचा हक्क तिथल्या कुळांनाही १८८०च्या कायद्याने मिळाला. रीत जुनीच. बिळात पाळीव फेरेट (अंगलट साधारण मुंगसाची) सोडायचा, तोंडांवर जाळी अंथरायची. ससा उसळून बाहेर आला की जाळीची दोरी आवळते. पण काटेरी झुडपांत जाळी अडकते, कधी फेरेटच तीत गुरफटतो, मग बसा गाठी सोडवत! म्हणून काहीजण बिळाच्या तोंडात तारेची नळी बसवतात. तिची झडप एकाच बाजूने उघडते. आत शिरलेल्या सशाला मागे फिरता येत नाही. नळी सैल बसली तर मात्र तो कडेने निसटतो. शिवाय दहा-बारा जाळ्या खिशात मावतात, नळ्यांचं ओझं वाहावं लागतं. मोकळ्या माळावर जाळीच बरी. नळी काटेरी कुंपणापुरती.