बाई, एकीला जाऊ?

शाळेत कधी करंगळी वर केली नाही असा आपल्यापैकी कोण आहे? पाढे विसरले, कविता विसरल्या, पण "बाई, एकीला जाऊ?" हे वाक्य कोणी विसरलेले नाही. त्यावर बाईंचे "आत्ताच तर मधली सुट्टी झाली!" हेही लक्षात आहे. आणि एखाद्या दिवशी कोणाच्या तरी बाकाखाली ओल दिसली, सारा वर्ग हसला, आणि ते मूल पुढचे चार दिवस शाळेकडे फिरकले नाही, हेही आपण विसरलेलो नाही.

वार्षिकासाठी या विषयावर लिहिते आहे असे सांगितले तेव्हा मैत्रिणी हसल्या. "अगं, एवढे विषय आहेत. बेकारी आहे, स्त्रीमुक्ती आहे. हे काय लिहितेस?" पण मला वाटते, ज्या गोष्टीवर आपण हसतो तिच्यावर कोणी तरी एकदा गंभीरपणे लिहायला हवे. लहान मुलांना शाळेत लघवीला जाऊ न देणे ही क्षुल्लक बाब नाही, असे माझे ठाम मत आहे. ते मत कसे झाले तेच आधी सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. रेशनकार्ड, लाइट बिल, वडिलांच्या कारखान्याची नोटीस, सगळे मी वाचून दाखवायचे. गेल्या जूनमध्ये दादाच्या मुलीला, आमच्या चिमीला, सीनियर केजीत घातले. शाळा इंग्रजी माध्यमाची. प्रवेशाच्या वेळी नियमांचा छापील कागद दिला होता. वहिनीने त्यावर सही केली होती. वहिनी उल्हासनगरला जीन्सचे धागे कापायला जाते. तिला इंग्रजी येत नाही, आणि त्या दिवशी मी घरी नव्हते.

ऑगस्टमध्ये चिमी तापाने आजारी पडली. लघवी करताना रडायची. डॉक्टर म्हणाले, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला आहे. मग त्यांनी विचारले, "ही पाणी किती पिते?" तेव्हा वहिनीच्या लक्षात आले की कित्येक दिवस चिमीची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येत होती. आम्हाला वाटायचे, खेळण्याच्या नादात विसरत असेल. रात्री मी तिला जवळ घेऊन विचारले. ती म्हणाली, "आत्या, पाणी प्यायलं की शू लागते. शू लागली की ओरडतात. म्हणून मी पीतच नाही."

पाच वर्षांच्या मुलीने स्वतःपुरता मार्ग शोधला होता. मोठ्यांनी तिला दुसरा ठेवलाच नव्हता.

मग तो कागद शोधून काढला. मधल्या सुट्टीखेरीज मुलांना प्रसाधनगृहात जाता येणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. खाली वहिनीची सही होती. "मला काय ठाऊक गं, मी कशावर सही केली," एवढेच ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने शाळेत गेले. वर्गाच्या बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या वर्गात पन्नास मुलं आहेत. मावशी एकच, आणि ती खालच्या मजल्यावर. बदलापूरनंतर एकट्या मुलाला बाहेर सोडायचं नाही अशी सूचना आहे. मी एकीला घेऊन गेले तर एकोणपन्नास मुलं कोणाच्या भरवशावर सोडू?" जरा थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तरी कुठे जाते? सकाळी सहाला घरून निघते, ते दीडला घरी पोचल्यावरच."

मी भांडायला गेले होते, पण मला भांडता आले नाही. पोट आवळून बसलेली मुले आणि त्यांच्यासमोर पोट आवळून उभ्या असलेल्या बाई, असा तो वर्ग होता. तेव्हा मला कळले की हा प्रश्न एका बाईंच्या स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

त्या बाईंनी बदलापूरचे नाव घेतले, त्याविषयी बोलायलाच हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच प्रसाधनगृहात, शाळेच्याच पुरुष सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. २० ऑगस्टला लोक संतापून बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद राहिली. अंबरनाथ, उल्हासनगरची माणसे त्या दिवशी पायी घरी आल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. सर्व शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, असा आदेश शासनाने काढला. आरोपी सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला.

कॅमेरे आले, समित्या आल्या, सूचना आल्या. परंतु आमच्या भागातल्या लहान मुलांच्या बाबतीत या सगळ्याचा अर्थ काय लावला गेला? मी शेजारपाजारच्या दहा-बारा घरांत विचारले. निरनिराळ्या शाळांतल्या मुलांच्या आयांनी बहुतेक एकच सांगितले: आता मुलांना वर्गातून सोडत नाहीत. कोणी म्हणाली, घरूनच जाऊन ये असे मीच पोराला बजावते. कोणी म्हणाली, सकाळी दूध द्यायचेच बंद केले. म्हणजे मुलांना सुरक्षित करायचे म्हणून आपण मुलांनाच कोंडले. गुन्हा मोठ्या माणसाने केला आणि शिक्षा चार-पाच वर्षांची मुले भोगत आहेत.

त्या दोन मुली प्रसाधनगृहात गेल्या ही चूक नव्हती. त्यांच्याबरोबर विश्वासाची बाई नव्हती, ही चूक होती. कॅमेरा दाराबाहेरच असू शकतो आणि घडून गेल्यावर काय घडले ते सांगतो. तो मुलाचा हात धरत नाही, चड्डीचे बटण लावून देत नाही. ते काम मावशीचे आहे. पण मावशीला पगार द्यावा लागतो. कॅमेरा एकदाच विकत घेता येतो, म्हणून कॅमेरे आले आणि मावशी आल्या नाहीत. मुलाला बाहेर न सोडण्याला तर काहीच खर्च येत नाही. तो सर्वांत स्वस्त उपाय होता, आणि तोच सगळीकडे पसरला.

आता शरीराचा हिशेब पाहू. चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १५० मिलिलिटर मावते, म्हणजे चहाचा एक पेला. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. जी सुट्टी मोठ्यांच्या सोयीने तीन-तीन तासांनी ठेवली, ती त्या पेल्याला पुरणार कशी? शिवाय लहान मुलाला लागल्याचे उशिरा कळते, आणि कळले की घाई असते. वारंवार दाबून ठेवले तर जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ होते, आणि मुलींना हा त्रास अधिक होतो. हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल.

आणि कायदा काय म्हणतो? या निमित्ताने मी ग्रंथालयात बसून थोडे वाचले. माझे वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, म्हणून आधी कारखान्यांचा कायदा पाहिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १९ व्या कलमात असे लिहिले गेले की, कामगार कारखान्यात असेल त्या सर्व वेळी त्याला शौचालय आणि मुतारी वापरता आली पाहिजे. सर्व वेळी! देश स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झाले होते, रुळांपलीकडे कल्याण कँपच्या बराकींत सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबे राहत होती, उल्हासनगर हे नावही अजून पडायचे होते. तेव्हा या देशाला हे सुचले होते. प्रत्यक्षात ते किती पाळले गेले हे वडील सांगतातच, परंतु निदान लिहिले तरी गेले.

मग २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा वाचला. शाळेत मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असे त्याच्या अनुसूचीत आहे. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही, असे १७ वे कलम सांगते. परंतु स्वच्छतागृह बांधा म्हणणाऱ्या त्या अनुसूचीत, मूल तिथे केव्हा जाऊ शकेल याविषयी एक ओळ नाही. आणखी एक गोष्ट: या कायद्याच्या दृष्टीने बालक म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे मूल. आमची चिमी पाच वर्षांची. ज्यांना सर्वांत जास्त गरज, ती बालवाडीची पोरे कायद्याच्या दाराबाहेरच उभी आहेत. आजोबांच्या वयाच्या कामगाराला १९४८ साली जे कागदावर मिळाले, ते नातीला अजून कागदावरही मिळालेले नाही.

आपल्याकडे असा विचार कोणी केलाच नाही, असे मात्र नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही दोन्ही गावे तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तिथे मुलांची अंघोळ, केस, नखे, स्वच्छता ही शिक्षणाच्या आड येणारी कटकट मानली नाही. तोच शिक्षणाचा पहिला धडा मानला. आधी मुलाचे शरीर, मग अक्षर. ज्या जिल्ह्याने महाराष्ट्राला हे शिकवले, त्याच जिल्ह्यात आज मुलाचे शरीर शाळेला अडचण वाटू लागले आहे.

दुसरी बाजूही आहे. एकाने करंगळी वर केली की दहा जण करतात. काही मुले मुद्दाम उठतात. शाळेतल्या टाकीत पाणी नसते, मग घाण होते, मग शिपाईमामा कुलूप लावतो. हे सारे खरे आहे. बारवी धरण इथून हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही टँकरची वाट पाहतो. धरण उशाला, कोरड घशाला! परंतु दहांपैकी नऊ जण खोटे उठले असे धरून चालले, तरी दहाव्याचे काय? नऊ जण उगाच गेले तर पाच मिनिटे वाया जातील. दहाव्याला अडवले तर तो सगळ्यांदेखत भिजेल, आणि ते तो जन्मभर विसरणार नाही. तासाला कंटाळून जी मुले उठतात त्यांना अडवून कंटाळा जात नाही. त्याचा उपाय शिकवण्यात आहे.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. तरीही मला सुचते ते चार गोष्टींत मांडते. एक, बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या प्रत्येक मजल्यावर एक मावशी असावी. तिचे हेच काम असावे, आणि तिच्या पगाराची तरतूद फीच्या हिशेबात पहिल्या ओळीत असावी. दोन, केरळात २०१९ साली शाळांतून पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली. तशी घंटा इथे वाजवावी, आणि तिच्यानंतर अर्ध्या तासाने मावशीने मुलांना रांगेने नेऊन आणावे. नुसते पाणी पाजून जाऊ न देणे म्हणजे चेष्टाच. तीन, मधेच कोणाला लागले तर कारण न विचारता पाठवावे, मात्र एकट्याला नव्हे. चार, नियमांचा कागद पालकांच्या भाषेत असावा, आणि सही घेण्यापूर्वी तो वाचून दाखवावा. उल्हासनगरात तो सिंधीत हवा, हिंदीत हवा. अंबरनाथ-बदलापुरात मराठीत हवा. माझी वहिनी अडाणी नाही. तिला समजेल अशा भाषेत कोणी विचारले असते, तर तिने त्या नियमावर सही केली नसती.

चिमीच्या शाळेत पुढे काय झाले? मी मराठीत अर्ज लिहिला. त्यावर तेवीस आयांनी सह्या केल्या, त्यातल्या काहींनी आयुष्यात प्रथमच स्वतःहून एखाद्या कागदावर सही केली. अजून उत्तर आलेले नाही. मात्र त्या बाई आता तासाच्या मध्येच शेजारच्या वर्गाच्या बाईंना सांगून पाच-पाच मुलांना घेऊन जातात. नियमात हे बसत नाही. परवा चिमीची बाटली अर्धी रिकामी आली. वहिनीने ती उलटी धरून दोनदा पाहिली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वर्गातल्या कितीतरी जणी उद्या डी.एड., बी.एड. करून शिक्षिका होणार आहेत. काही मित्र शाळांच्या कचेऱ्यांत बसतील, एखादा नगरसेवकही होईल. बहुतेक सर्वजण आईबाप होतील. त्या वेळी कोणी तरी तुमच्यासमोर करंगळी वर करील. तेव्हा घड्याळाकडे पाहू नका, त्या मुलाच्या तोंडाकडे पाहा. ते परवानगी मागत असले तरी आपण त्याला काही देत नसतो. जे त्याचेच आहे त्याच्या वाटेतून फक्त बाजूला व्हायचे असते.

(द्वितीय वर्ष, कला)